देश निवडा

तुमचा पिन कोड कोणी विचारला तर तुम्ही काय सांगाल? ४१ नाहीतर ४४ नं सुरू होणारा कुठलातरी सहा आकडी नंबर. मी मात्र तीन वर्षं ९७२०१ सांगत होतो. पाचच आकडे! कारण कागदोपत्री मी पोर्टलंड, राज्य ओरेगॉन, अमेरिका इथला रहिवासी होतो. प्रत्यक्षात माझी धाव कऱ्हाड ते पुणे, आणि एकदा इंडस्ट्रियल व्हिजिटला सुरत. तीही रात्रभर ट्रेनमध्ये झोपून.

मित्रांनो, पासपोर्टचा घोटाळा वगैरे काही नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत मी एक सेकंडहँड निन्टेन्डो स्विच घेतला. खातं उघडायला बसलो तर तिसऱ्या-चौथ्या पायरीला एक चौकट आली : देश निवडा. आता आपल्यासारख्या माणसाला वाटतं, ही नुसती चौकशी आहे. राहता कुठे, बरं आहे ना, तसलं. पण नाही! तुम्ही कुठल्या दुकानात शिरणार हे ती चौकट ठरवते. २०१७ साली स्विच आला तेव्हा त्याचं ऑनलाइन दुकान, म्हणजे ई-शॉप, भारतासाठी नव्हतं, आणि मी खातं उघडलं तेव्हाही नव्हतं. म्हणून इकडची बरीच मंडळी अमेरिका निवडतात. अमेरिका निवडली की पिन कोड मागतात, कारण तिथे विक्रीकर राज्याप्रमाणे बदलतो. आणि ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाहीच. हा फंडा मला आमच्या विंगच्या एका सीनियरनं शिकवला. त्यालाही म्हणे त्याच्या सीनियरनं शिकवला होता. म्हणजे आमच्या हॉस्टेलातून ओरेगॉनला किती जण स्थायिक झालेत याची शिरगणती करायला हवी. हे नियमात कितपत बसतं हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. आता पडतो, पण उशिरा.

देशाची ही भानगड समजायला आपल्या मेसचं उदाहरण घ्या. ए मेसचं कूपन बी मेसमध्ये चालत नाही. भाजी तीच, आचारी एकमेकांचे मेहुणे, पण कूपन चालत नाही! कन्सोलच्या खात्याचं तसंच. अमेरिकेच्या खात्यात डॉलर भरायचे, जपानच्या खात्यात येन. एकाचं प्रीपेड कार्ड दुसऱ्यात घातलं तर मशीन सरळ नाही म्हणतं. फळीवरचा मालसुद्धा वेगळा. जपानमध्ये गेमला वयाचं प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी, अमेरिकेत वेगळी, युरोपात आणखी वेगळी. २०१९ चा मॉर्टल कॉम्बॅट ११ अमेरिकेत विकला गेला, जपानात आलाच नाही.

पण प्रत्येक मेसचा कॉन्ट्रॅक्टर निराळा. प्लेस्टेशनवर खातं उघडताना जो देश टाकाल तो जन्माचा. बदलायचा तर नवीन खातं काढा. आमच्या विंगमधल्या सोलापूरकराचं खातं न्यूजर्सीच्या मावसभावानं त्याच्या पीएस४ वर उघडून दिलेलं, म्हणजे अमेरिकेचं. ह्यानं गेमची डिस्क घेतली पुण्यात, आणि त्या गेमचा जादा भाग घेतला अमेरिकेच्या दुकानातून. डिस्क चालते, कारण पीएस४ कुठल्याही देशाची डिस्क खातो. पण जादा भाग त्या डिस्कच्याच प्रदेशाचा लागतो. दोघांनी एकमेकांना ओळखच दाखवली नाही. सोलापूरकर दोन दिवस शेंगाचटणीलासुद्धा शिवला नाही! शेवटी त्यानं त्याच मशीनवर भारताचं दुसरं खातं काढलं. पहिल्या खात्याचं ते मुख्य मशीन असल्यामुळे जुने गेम नव्या खात्यावरूनही खेळता येतात, एवढं नशीब. एक्सबॉक्सवाले त्या मानानं उदार, देश बदलू देतात, पण तीन महिन्यांतून एकदाच, आणि खात्यातले पैसे बरोबर येत नाहीत. निन्टेन्डोचा देश वेबसाइटवर जाऊन केव्हाही बदला, फक्त खात्यात शिल्लक नको. शिवाय एकाच स्विचवर अमेरिका, जपान, इंग्लंड अशी सगळी खाती सुखानं नांदतात. ज्याच्या नावानं दुकान उघडाल त्याच्या देशाचं उघडतं. त्यांच्याच आधीच्या थ्रीडीएसमध्ये जपानी मशीनला जपानीच गेम लागायचा. स्विचनं ते कुलूप काढलं, म्हणून मी निर्धास्त होतो.

आणि इथेच माझा पोपट झाला.

माझा दादा टोकियोत असतो. त्यानं डिप्लोमा केला, मग पुण्यात एका कंपनीत काम करत संध्याकाळी जपानीचे क्लास, मग दोन परीक्षा, मग टोकियो. माझी डिग्रीची फी त्याच्या पगारातून जाते. हे मी कोणाला सांगत नाही, इथे लिहितोय. गेल्या वर्षी, ५ जून २०२५ ला, स्विच २ आला. जपानात नुसती झुंबड. कंपनीनं स्वतःच्या वेबसाइटवर सोडत काढली तर २२ लाखांच्या आसपास अर्ज! दुकानांनी आपापल्या सोडती काढल्या. दादाला गेममध्ये काडीचा रस नाही. कँटीनच्या टीव्हीवर मॅच लागली तर पाठ करून जेवणारा माणूस. पण त्यानं माझ्यासाठी दोन दुकानांत नाव नोंदवलं, आणि ऑगस्टमध्ये एका ठिकाणी नंबर लागला. गणपतीला दोन वर्षांनी घरी आला तो डबा घेऊनच.

आरती झाली, मोदक झाले, आणि आम्ही डबा फोडला. आजूबाजूची चार पोरं, दोन मामेभाऊ, आणि ‘हे किती रुपयांचं?’ विचारणारे काका. मशीन चालू केलं. सगळं जपानीत. म्हटलं भाषा बदलू. बदलायची सोयच नाही! बरं, माझं खातं जोडू. मेल टाकला, पासवर्ड टाकला, स्क्रीनवर चार ओळी आल्या. दादानं वाचून सांगितलं, "तुझं खातं जपानचं नाही म्हणतोय. इथे जपानचंच खातं लागेल."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे काय दादा! एवढी वर्षं तिथे राहतोस आणि एवढं कळलं नाही तुला? आता ह्याचं काय लोणचं घालू?"

दादा काही बोलला नाही. डब्यातली प्लॅस्टिकची पिशवी होती, ती तो नीट घडी घालत बसला. आई म्हणाली, "राहू दे रे, नंतर बघा." काका म्हणाले, "परत करता येत नाही का?" चार दिवसांनी दादा गेला. मी मशीन हॉस्टेलला आणलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये.)

सबमिशनच्या आदल्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून जुने मेसेज चाळत बसलो. दादाचा ऑगस्टमधला मेसेज सापडला. जसाच्या तसा देतो : "नंबर लागला. दुकानात फक्त जपानी भाषेचा मिळतो, ४९,९८० येन. सगळ्या भाषांचा ६९,९८० ला आहे, पण तो कंपनीच्या वेबसाइटवरच, तिथे परत नंबर लावावा लागेल. मी लावतो हवा तर. ह्याच्या डब्यावर कोकुनाइ सेन्यो लिहिलंय, म्हणजे देशातल्या देशात वापरण्यासाठी. तुझ्याकडे चालेल का? नीट बघून सांग." खाली माझं उत्तर. अकरा मिनिटांनी. "चालेल रे, हाच घे. गेम तोच असतो."

त्या दिवशी माझी डीएसपीची व्हायवा होती. म्हणजे काहीतरी कारण सांगायचं म्हणून सांगतोय.

आता हे स्वस्त का, हे मी नंतर बसून वाचलं. अमेरिकेत स्विच २ बाजारात आला तेव्हा किंमत होती ४४९.९९ डॉलर. ४९,९८० येन म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेतीनशेच्या आत-बाहेर. येन इतका पडलेला की जपानी माणसाला परवडेल अशी किंमत ठेवली तर जगभरचे व्यापारी तिथून पेट्या उचलून न्यायला लागतील. म्हणून देशातल्या लोकांसाठी तेव्हा वीस हजार येन कमी, आणि त्या बदल्यात दोन कुलपं : भाषा जपानी, खातं जपानचं. रेशनच्या साखरेसारखं. कुलूप डब्यावरच छापलेलं होतं. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचून मला विचारलं, आणि ज्याला विचारलं त्यानं वाचलं नाही.

पहाटे तीनला मी पोर्टलंड सोडायचं ठरवलं. वेबसाइटवर गेलो, देश बदला म्हटलं. शिल्लक आडवी आली. खात्यात १४.९८ डॉलर पडलेले. ते संपल्याशिवाय सुटका नाही. मग काय, सेलची यादी उघडून वजाबाकी सुरू. एम-थ्रीला मी इतकी आकडेमोड केली असती तर केटी लागली नसती! अखेर एक गेम ९.९९ चा, एक ४.९९ चा. बेरीज बरोब्बर १४.९८, आणि ओरेगॉनचा कर शून्य. त्यातला एक गेम मासेमारीचा आहे, अजून उघडलेला नाही. शिल्लक शून्य झाली, जपान निवडलं, सेव्ह केलं. कपाटातून मशीन काढलं, मेल-पासवर्ड टाकला. हिरवं काहीतरी आलं आणि खातं जोडलं गेलं. रूममेट झोपेत म्हणाला, "लाइट बंद कर ना रे."

जुन्या स्विचवर आधी घेतलेले गेम जागेवर राहिले, फक्त तिथलं दुकानही आता जपानचं उघडायला लागलं. पण पुढची गोम अशी की मार्च २०२५ च्या २५ तारखेपासून जपानच्या ई-शॉपवर परदेशी क्रेडिट कार्ड आणि परदेशी पेपॅल बंद झालं. म्हणजे नवा गेम घ्यायचा तर जपानी प्रीपेड कार्ड हवं. ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतं. टोकियोच्या कोपऱ्याकोपऱ्यावर! म्हणजे ज्याला मी घरभर पाहुण्यांसमोर बोललो त्यालाच आता ‘दादा, एक कार्ड आणतोस का?’ म्हणायचं.

तीन आठवडे म्हटलं नाही. मग एका रविवारी फोन केला. आधी त्याचा मेसेज त्यालाच वाचून दाखवला, खालचं माझं उत्तरही. म्हटलं, चूक माझी होती, मी सगळ्यांसमोर तुला बोललो. तो म्हणाला, "मला माहितीय. मेसेज माझ्याकडे पण आहे." म्हणजे त्या दिवशी खिशातला फोन काढून सगळ्यांना दाखवता आला असता. त्यानं काढला नाही. पिशवीची घडी घातली.

त्याच रात्री कार्डाचा फोटो आला. तीन हजार येनचं. ओव्हरटाइम करून परतताना घेतलेलं, हात थरथरलेला, अर्धा कोड धूसर. दुसरा फोटो मागवला.

आता मशीन वापरात आहे. डब्याच्या झाकणावर मी मार्करनं देवनागरीत यादी लिहिलीय : सेत्तेई म्हणजे सेटिंग, होझोन म्हणजे सेव्ह, साकुजो म्हणजे डिलीट (ह्याच्यापुढे तीन फुल्या, एकदा दाबून झालंय). होकाराला हाय आणि नकाराला इइए. त्यामुळे आमच्या विंगमध्ये सध्या कोणी ‘चहाला येतोस?’ विचारलं की ‘हाय!’ असं उत्तर मिळतं. काही गेममध्ये आतून इंग्रजी निवडता येतं, काही मशीनची भाषा बघून जपानीच बोलतात. घ्यायच्या आधी प्रत्येक गेमच्या पानावर भाषांची ओळ शोधतो. दादाला फोटो पाठवतो, तो वाचून सांगतो. पूर्वी आमचं महिन्यातून एकदा बोलणं व्हायचं, ‘पैसे मिळाले का?’ ‘मिळाले.’ आता आठवड्याला दोनदा तरी होतं, आणि त्यात निम्मं मेनूबद्दल असतं.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. त्याच्या ऑफिसातले सगळे खेळतात म्हणे, त्यालाही एक घ्यावासा वाटतोय. "कुठला घेऊ? जपानीवाला की सगळ्या भाषांचा? ह्या वेळी नीट बघून सांग." पुढे हसरा चेहरा.

मी नीट बघायला बसलो. तो जपानातच राहणार असेल तर जपानीवाला ठीक. जादा येन कशाला घालवायचे? त्याला वाचताही येतं. पण वर्ष-दोन वर्षांत इकडे परत यायचं असेल तर सगळ्या भाषांचा घ्यायला हवा. म्हणजे उत्तर द्यायच्या आधी त्याला एक गोष्ट विचारावी लागणार, जी आई दर फोनला विचारता विचारता थांबते आणि बाबा कधीच विचारत नाहीत.

दोन दिवस टाइप करून खोडत होतो. काल रात्री पाठवलं : "दादा, दोन वर्षांनी तू कुठे असशील?"

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.