विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर सहाशेहून अधिक पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत. त्या अनवाणीच चढाव्या लागतात. ऊन चढले की दगड तापतो, म्हणून पहाटेच निघणे बरे.

सांगलीहून आलेल्या कुटुंबातील मुले केव्हाच वर पोहोचली होती. त्यांना परतीच्या गाडीचे वेध. खाली आप्पा कठडा धरून उभे. डोलीला त्यांचा ठाम नकार. मध्ये पन्नाशीची लेक. वरून हाक येई, "आई, लवकर ये!" खालून आप्पा म्हणत, "अगं, तू हो पुढे." ती जागची हलली नाही.

गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने मातेच्या, काळलदेवीच्या, इच्छेखातर दहाव्या शतकात हा गोमटेश्वर घडविला, असे परंपरा सांगते. मूर्तीची उंची सुमारे ५७ फूट. या मातेला हवा होता केवळ अर्धा तास, आणि तोही मागवत नव्हता.

अखेर थोरला नातू खाली उतरून आजोबांशेजारी बसला. उतरताना पायीच येणार, या अटीवर आप्पा डोलीत बसले.

भगवंतांच्या चरणांपाशी 'श्री चावुण्डराजे करवियले' हा जुना मराठी लेख आहे. आप्पांनी तो नातवाला अक्षर लावून वाचून दाखविला. लेक मागे खांबाला टेकून बसली होती. तिला कोणी हाक मारली नाही.