मागाच्या शेडमधला रक्तदाब

६ जानेवारी, इचलकरंजी
रक्तदाब तपासायला आज एका शेडमध्ये गेले. दंडाला पट्टा बांधला, हवा सोडू लागले, तर स्टेथोस्कोपमधून ठोकाच ऐकू येईना. सगळे साधे यंत्रमाग, वर पत्रा. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकावरून त्या टोकावर आदळतो. कामगार एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलतात. आवाजाच्या मीटरवर १०० डेसिबल. शेवटी एकेकाला बाहेर दिवाणजींच्या खोलीत बसवून तपासलं. मला ठोका ऐकू येत नव्हता तिथे ही माणसं रोज बारा तास उभी असतात.

७ जानेवारी
रात्री नियम काढून बसले. आपल्याकडे कारखान्यांसाठी ९० डेसिबलला आठ तास, १०० ला दोन तास अशी मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ पासून धरते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते, कारण तेवढ्या वाढीत ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! आणि दोन्ही मर्यादा कानासाठी आखलेल्या. हृदयाचा विचार त्यांत नाही.

१२ जानेवारी
पन्नाशी उलटलेले एक काका, उभा जन्म मागावर गेलेला.
"काका, आवाजाचा त्रास होतो का?"
"न्हाई ओ डॉक्टरबाई, सवय झालीया. माग बंद पडलं की उलट चैन पडत न्हाई."
पाळी सुटताना रक्तदाब १५८/९८.
मोठा आवाज शरीराला धोक्याची सूचना वाटतो. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात, ठोके वाढतात. त्रास जाणवेनासा झाला म्हणून आतली ही धावपळ थांबलीच असं नाही. वर्षानुवर्षं ती चालू राहिली, तर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला लागतं.
अर्थात काकांना तंबाखू आहे, रात्रपाळी आहे, उन्हाळ्यात पत्र्याखालचा उकाडा आहे. सगळं खापर आवाजावर फोडणार नाही. पण तंबाखूबद्दल त्यांना आजवर प्रत्येक डॉक्टरने विचारलं, मागाबद्दल एकानेही नाही.

१९ जानेवारी
नायॉशच्या संशोधकांचा २०१८ मधला अभ्यास पुन्हा वाचला. अमेरिकी कामगारांमधल्या उच्च रक्तदाबाच्या सुमारे १४ टक्के रुग्णांमध्ये कारण कामावरचा आवाज असू शकतो, असा त्यांचा अंदाज. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून केलेला २०२१ चा आढावा मात्र सावध आहे: हृदयविकाराबाबतचा पुरावा मर्यादित.
एक डॉक्टर मित्र म्हणाला, "पुरावा पक्का झाला की बघू." मला हे पटत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन वर्षानुवर्षं रक्तदाब मोजलाच नाही, तर पुरावा कुठून येणार? भरपाईच्या कायद्यात आवाजाने आलेला बहिरेपणा आहे, आवाजाने वाढलेला रक्तदाब नाही. आणि लहान शेड तर बहुधा कारखान्यांच्या कायद्याबाहेरच राहतात.
केसपेपरवर आजपासून एक ओळ वाढवली: कोणता माग, किती वर्षं, किती तास.

२५ जानेवारी
मालकांशी बोलले. मालक म्हणजे आठ मागांचा धनी, वरच्या मजल्यावर घर. कानात घालायच्या बोळ्यांचा विषय काढला, तर मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरनेच नकारार्थी मान हलवली: मागाचा आवाज बदलला की बिघाड कळतो, कान बंद केले तर कसं कळणार? त्याचं म्हणणं रास्त आहे. पिकावर, म्हणजे धोट्याच्या फेऱ्यांवर, मजुरी असली की बंद मागाचा फटका कामगारालाच बसतो. म्हणून आवाज मुळात कमी करायला हवा. मागाखाली रबरी पॅड, ढिले भाग आवळणं, झिजलेले बदलणं, जेवायची जागा पक्क्या भिंतीआड. धोटा नसलेले माग घ्यायची या मालकांची ऐपत नाही, आणि हवेच्या झोतावरचे नवे मागही काही शांत नसतात.
जाताजाता मालकांचाही रक्तदाब घेतला. वाढलेला. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावलंय. दोन मागांखाली पॅड बसवून तेव्हाच पुन्हा मीटर लावायचं ठरलं.