एसएसडी कॅश लावण्याआधी

पेठ वडगावात आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लगीनसराईत डेटा टेराबाइटच्या हिशेबात येतो. एका डिस्कच्या भरवशावर राहायला नको म्हणून तीन जुन्या कॉम्प्युटरवर सेफ नावाचं फुकट मिळणारं स्टोरेज सॉफ्टवेअर टाकलं. प्रत्येकात दोन हार्डडिस्क आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, तीन मशीनवर.

डेटा जपला जात होता, पण काम रेंगाळायचं. फिरणारी हार्डडिस्क इकडचं-तिकडचं सुटं वाचन सेकंदाला शंभर-दीडशे वेळाच करू शकते. अल्बमचे हजारो छोटे फोटो उघडताना तिची दमछाक व्हायची. म्हणून प्रत्येक मशीनला एक एसएसडी लावून बीकॅश चालू केलं, म्हणजे सतत लागणारा डेटा हार्डडिस्कऐवजी एसएसडीवरून मिळतो. ही सोय लिनक्समध्ये 2013 पासून आहे.

अल्बम झटक्यात उघडू लागले. व्हिडिओला मात्र काडीचा फरक पडला नाही. आमचं नेटवर्क एक गिगाबिटचं, त्यातून सेकंदाला 110-115 एमबीच जातात.

कॅश बसवून देणाऱ्याने राइटबॅक मोड लावला होता. त्यात लिखाण आधी एसएसडीवर होतं आणि सवडीने हार्डडिस्कवर उतरतं. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, यूपीएसही संपला. सकाळी एका मशीनला एसएसडी दिसेना. न उतरलेलं लिखाण तिच्यासोबत गेलं आणि मागच्या दोन्ही हार्डडिस्क धडधाकट असून निकामी ठरल्या.

बाकी दोन मशीनवर प्रती होत्या, म्हणून काम चालू राहिलं. पण तिन्ही एसएसडी एकाच मॉडेलच्या, एकदमच घेतलेल्या. लिखाणही तिन्हींवर सारखंच. दुसरीही गेली तर, या धास्तीने मला झोप लागेना. दोन्ही डिस्क रिकाम्या करून पुन्हा भरल्या. गिगाबिटवरून एक टेराबाइट सरकायला अडीच तास तरी लागतातच.

आता कॅश राइटथ्रूवर आहे. लिखाण हार्डडिस्कवर पोचल्याशिवाय पूर्ण धरलं जात नाही. थोडं हळू चालतं, पण एसएसडी गेली तरी डेटा जागेवर राहतो. नव्या एसएसडी कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरसाठीच्या घेतल्या. लाईट गेली तरी हातातलं लिखाण त्या पुरं करतात. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. बॅटरी उतरली की यूपीएस मशीनला आपोआप बंद व्हायला सांगतो. दर आठवड्याला स्मार्टसीटीएल या कमांडने एसएसडीची झीज बघतो.

तुम्हाला कॅश लावायची असेल, तर आधी कशाने अडतंय ते बघा. मोठ्या फाइल नेटवर्कवर अडत असतील, तर पैसे स्विच आणि नेटवर्क कार्डावर घाला.