पवनचक्की किती चित्रांत फिरते?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर किंवा सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर दिसते तशी पवनचक्की संगणकावर फिरवायची म्हटली, की नवशिका पात्यांची अख्खी फेरी काढायला बसतो. एका फ्रेमला 10 अंश धरले तर 36 फ्रेम. पण पाती तीन आणि तिन्ही सारखीच; चक्की 120 अंश फिरली की एका पात्याच्या जागी दुसरे येते आणि चित्र हुबेहूब सुरुवातीसारखे होते. म्हणजे 12 फ्रेम पुरतात. तेरावी काढलीत तर ती पहिलीचीच नक्कल ठरते आणि दर वेळी त्या जागी चक्की अडखळते. प्रत्येक फ्रेमला 8 शतांश सेकंद दिले, तर पूर्ण फेरीला जेमतेम तीन सेकंद लागतात. डोळ्याला ते पटते. फ्रेम एक-तृतीयांशावर आल्या, फाइलही साधारण त्याच प्रमाणात उतरली, आणि एक्सपोर्टची खिडकी अजून उघडलेलीही नाही. माझा मुद्दा हाच आहे: हलत्या चित्राची फाइल कशी होणार, हे चित्र काढतानाच ठरलेले असते. ‘एक्सपोर्ट’ दाबल्यावर नुसता निकाल लागतो.

असे का, हे जीआयएफ या हलत्या चित्रांच्या फाइल-प्रकाराच्या घडणीत आहे. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने 1987 मध्ये हा प्रकार आणला. प्रत्येक फ्रेमचा वेळ आणि पारदर्शक रंग ठरवण्याची सोय 1989 च्या आवृत्तीत आली. एका फ्रेमच्या पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, 256 च रंग मावतात. फाइलचा आकार कमी होतो तो पुन्हा पुन्हा येणारे नमुने ओळखून, म्हणून एकाच रंगाचे सलग पट्टे त्याला मानवतात. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चित्र साठवण्याची गरज नसते. जेवढा चौकोन बदलला तेवढाच ठेवता येतो. आपल्या चक्कीचे आकाश सपाट निळे ठेवले, तर खांब, डोंगर, आकाश एकदाच साठते आणि पुढे फक्त पात्यांचा चौकोन बदलतो. त्याच आकाशात सरकते ढग घातले की आकाशाचा जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो, आणि सगळी बचत वाया. सांगलीच्या हळदीच्या जाहिरातीत गडद पिवळ्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत छटा पसरवली, तर पॅलेट अपुरे पडून पट्टे दिसतात. ते लपवायला डिदरिंग लावले, म्हणजे जवळच्या रंगांचे ठिपके मिसळले, तर पट्टे जातात. पण ठिपक्यांच्या विस्कळीत रांगोळीने फाइल फुगते. कास पठारावरच्या फुलांचा फोटो तर जीआयएफमध्ये घालूच नये.

देवनागरी मजकुराचे दुखणे वेगळे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक केलेले असतात. जीआयएफला अर्धपारदर्शक कळत नाही. पिक्सेल दिसेल किंवा दिसणार नाही. मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर केलेली ‘शुभ दीपावली’ काळ्या पडद्यावर गेली, की शिरोरेघेभोवती पांढुरकी कड उमटते, आणि वेलांट्या-अनुस्वारांत ती फारच खुपते. यावर उपाय एकच: चित्र कोणत्या रंगावर बसणार ते आधी ठरवायचे आणि कडा त्याच रंगात मिसळायच्या. हेही एक्सपोर्टच्या आधीचेच काम.

यावर कोणी म्हणेल, नेट स्वस्त झाले, व्हॉट्सअ‍ॅप जीआयएफचा परस्पर व्हिडिओ करून टाकते, मग ही काटकसर कशाला? फोटोच्या बाबतीत हे मला मान्य आहे. तिथे सरळ एमपी-4 करावे. पण नेहमीच्या एमपी-4 मध्ये पारदर्शकता नसते, आणि स्लाइडमध्ये किंवा ईमेलमध्ये आपोआप फिरणारे छोटे चित्र हवे असेल, तर जीआयएफइतके बिनतक्रार दुसरे काही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वेबपी आणि एपीएनजी हे नवे प्रकार भरपूर रंग आणि अर्धपारदर्शकता दोन्ही देतात, मग 1987 चे लोढणे गळ्यात का? तंत्र म्हणून ते सरस आहेतच. पण व्हॉट्सअ‍ॅपचे हलते स्टिकर वेबपीमध्येच असते, 512 गुणिले 512 पिक्सेलचे, आणि त्याला 500 केबीची मर्यादा आहे. 36 फ्रेमची, ढगाळ आकाशाची चक्की तिथेही अडू शकते. प्रकार बदलला म्हणून हिशेब टळत नाही.

कमी फ्रेममध्ये गती तुटक वाटते, ही तक्रारही अर्धीच खरी. सूर्यनमस्काराचेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. 1938 मध्ये लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नावच ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. दहा स्थिती आणि दहावीनंतर पुन्हा पहिली, म्हणजे आयते चक्र. शिकवण्यासाठी हे दहा फ्रेममध्ये केले, तर मधल्या हालचाली भरायची गरज नाही; उलट प्रत्येक स्थितीवर थोडे थांबले तरच पाहणाऱ्याला पाय कुठे, हात कुठे ते कळते. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेमला वेगळा वेळ देता येतो. गिंप या चित्रे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी लेयरच्या नावापुढे कंसात मिलिसेकंद लिहिले की झाले. लोक सगळ्या फ्रेमना एकच वेळ देतात, तिथेच चित्र यांत्रिक होते.

या दिवाळीत हलते शुभेच्छापत्र करणार असाल, तर ते कुठे आणि कोणत्या रंगावर दिसणार, हे आधी कागदावर लिहा, मगच पहिली फ्रेम काढा. आणि लेयरची मूळ फाइल जपून ठेवा. जीआयएफ करताना गेलेले रंग त्या जीआयएफमधून परत मिळत नाहीत.