भिंतीतले पाणी

लोखंडाला गंज चढतो हे सांगण्यासाठी धर्मगुरूची आवश्यकता नाही, आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगारवर्गाला तर नाहीच नाही. ज्यांचे अवघे आयुष्य लेथ मशीन, फाउंड्री आणि प्रेस शॉप यांत गेले, त्यांना लोखंडाचा स्वभाव आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरीही पुनरुत्थानकाळात घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आम्ही दारोदार हिंडतो तेव्हा एक गोष्ट वारंवार कानी पडते. पाणी मंत्रण्यासाठी घरची माउली तांब्या घेऊन नळापाशी जाते आणि संकोचाने म्हणते, "फादर, जरा थांबा हं. पहिलं पाणी तांबडं येतं, ते जाऊ द्यावं लागतं." कारखान्यात गंजाचा ठिपकाही खपवून न घेणारा तिचा यजमान अशा वेळी खिडकीबाहेर पाहत उभा असतो. यंत्र डोळ्यांसमोर असते, घरचा पाइप भिंतीत असतो. दिसत नाही त्याचा इलाज कसा करावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले. नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांमधून आपली किती तरी कुटुंबे पोटासाठी इकडे आली. प्रथम भाड्याची खोली, मग चाळ, आणि निवृत्तीच्या आधी कसेबसे स्वतःचे घर, असा बहुतेकांचा प्रवास. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२१ मध्ये पीएमआरडीएत विलीन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या भूखंडांवर व आसपास सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत जी घरे बांधली गेली, त्यांच्या भिंतींत प्रामुख्याने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप घातले गेले. आटे पाडायचे, सफेदा लावून सुताचा दोरा गुंडाळायचा, पान्ह्याने आवळायचे आणि वरून प्लास्टर करून टाकायचे. पाइप दिसता कामा नये, ही तेव्हा प्रतिष्ठेची बाब होती. चाळीत पाइप भिंतीवरून जात असे. स्वतःच्या घरात तो भिंतीच्या आत गेला, यात माणसाला वर चढल्याचे समाधान वाटे.

आमच्या मते खरी अडचण या समाधानातच दडलेली आहे. पाणी झाकून न्यायला कोणाचीच हरकत नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून जमिनीखालून पुण्यात आणले. परंतु त्या नळावर वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. तेथून हवा बाहेर पडे, गाळ काढता येई, आत काय चालले आहे ते पाहता येई. आमच्या कन्सील्ड पाइपांना असा उच्छ्वास कोणी ठेवला नाही. एल्बो कोठे आहे, टी कोठे आहे, हे ज्या प्लंबरला ठाऊक होते तोही आता या जगात नसतो.

गंजाची रीत थोडी समजून घ्यावी. जस्त हे लोखंडापेक्षा आधी झिजते आणि आपण झिजून लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंडाची पाळी येते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून पाइपाच्या आत त्याच्या गाठी वाढतात. अर्ध्या इंची पाइपाचा आतला व्यास निम्मा उरला, तर पाण्याची वाट चतुर्थांशच राहते. गीझरपासून निघणारा गरम पाण्याचा पाइप सहसा आधी जातो, कारण साधारण साठ अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात जस्त आपले रक्षकपण विसरते; कधीकधी तर उलट लोखंडच त्याच्यासाठी झिजू लागते.

त्यात भर पडली ती पाण्याच्या वेळापत्रकाची. पवना धरणाचे पाणी नदीतून येते, रावेतच्या बंधाऱ्याशी उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात वाटले जाते. नोव्हेंबर २०१९ पासून ते शहराला दिवसाआड मिळू लागले. थेट नळाच्या पाइपात एक दिवस पाणी, एक दिवस हवा. ओले लोखंड आणि हवा एकत्र आली की गंजाला मेजवानीच. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाइप रिकामा होताना आतील दाब उतरतो आणि पाइपाला छिद्र असेल तर भोवतालची घाण आत ओढली जाते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे आजाराची साथ आली आणि तिचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला, तेव्हा आपल्या अनेक घरांत पाणी उकळून पिण्यास सुरुवात झाली. गंजाने पाणी तांबडे होते ते डोळ्यांना तरी दिसते. छिद्रातून जे आत येते त्याला रंग नसतो.

आणि हे पाणी फुकटचे नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळात आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. वाहिनी योग्य की अयोग्य, हा वाद येथे करीत नाही. एवढेच की, ज्या पाण्यासाठी नदीकाठच्या घरांत माणसे गेली, ते आमच्या भिंतींत झिरपून वाया जाते.

आता ज्या घरामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याविषयी. नावे देत नाही. इमारत जुनी, तळमजला आणि वर एक मजला. दोन्ही कुटुंबे आपल्याच धर्मग्रामातील, एकाच लघुख्रिस्ती समूहातील. वरच्या मजल्यावर एक विधवा आजी, यजमानांच्या पेन्शनवर राहणाऱ्या. खालच्या काकांच्या मुलाचे लग्न ठरलेले. त्यासाठी स्वयंपाकघराला नव्या टाइल्स लावलेल्या. त्याच टाइल्सच्या कडेने ओल आली, चुना फुगला आणि भांडणाला तोंड फुटले. काका म्हणत, "पाइप तुमचा, फोडायचा खर्च तुमचा." आजी म्हणत, "भिंत तुमची, मला काय ठाऊक आत काय आहे?" दोघांचेही खरे होते. मीटरपासून वरच्या स्वयंपाकघरात जाणारा थेट नळाचा पाइप खालच्या भिंतीतून गेलेला होता. ऑक्टोबर महिन्यातील जपमाळ घरोघरी फिरते, ती त्या वर्षी या दोन घरांपैकी एकातच झाली. मिस्सेत शांतीचिन्ह देण्याची वेळ आली की दोघे दोन बाजूंच्या बाकांवर.

आमच्याकडे दोघेही स्वतंत्रपणे आले. आम्ही न्यायनिवाडा करण्याचे टाळले आणि एकच विचारले, ओल रोज सारखीच असते काय? काकूंनी क्षणभर विचार करून सांगितले की, पाणी येते त्या दिवशी डाग गडद होतो, दुसऱ्या दिवशी फिकट. म्हणजे गच्चीवरील टाकीचा पाइप निर्दोष. गळती थेट नळाचीच. दिवसाआड पाण्याने निदान हे निदान तरी सोपे केले. रात्री सारे नळ बंद करून मीटरचा काटा सरकतो का ते पाहणे, ही दुसरी परीक्षा. सकाळचे पहिले पाणी तांबडे आणि मिनिटभराने स्वच्छ येत असेल तर गंज बहुधा आपल्याच घरच्या पाइपातला असतो, रस्त्याखालच्या वाहिनीतला नव्हे, ही तिसरी. यांपैकी एकाही परीक्षेला छन्नी-हातोडा लागत नाही.

भिंत न फोडता पाइप आतून दुरुस्त करण्याची विद्या अस्तित्वात आहे. पाइप रिकामा करून गरम हवेने वाळवतात, दाबाच्या हवेबरोबर बारीक खरखरीत दाणे सोडून आतील गंज खरवडून काढतात, आणि मग इपॉक्सीचा दोन घटकांचा लेप हवेच्या जोराने आतून पसरवतात. लेप सुकला की लोखंडाच्या आत जणू दुसरा पाइप तयार होतो. परदेशांत जहाजांवर आणि मोठ्या इमारतींत ही पद्धत वापरली गेली आहे. समूहातील एक तरुण चाकणला मोटारींच्या सुट्या भागांच्या पेंट शॉपमध्ये कामाला आहे. त्याला हे सांगताच तो म्हणाला, "फादर, हे तर आमचंच काम झालं. पण धातू आधी नीट साफ नसेल, जरा जरी ओल राहिली, तर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. आणि आम्हाला पार्ट हातात घेऊन बघता येतो. भिंतीतला पाइप कोण बघणार?" चाकणच्या कारखान्यांनी आमच्या पोरांना काय शिकवले, असे विचारणाऱ्यांना आम्ही हे वाक्य ऐकवतो.

शिवाय इपॉक्सीविषयी एक शंका तज्ज्ञांनीच काढलेली आहे. त्यातून बिस्फिनॉल-ए हे द्रव्य, विशेषतः गरम पाण्यात, उतरू शकते. जर्मनीत घरगुती पिण्याच्या पाइपांसाठी या लेपावर याच कारणाने गंभीर आक्षेप घेतले गेले. म्हणून कोणी असे काम करून देतो म्हणाला, तर लेप पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित आहे काय, हे कागदावर मागावे आणि गीझरच्या पाइपाला तो लावू नये. आम्ही जेथे जेथे चौकशी केली, तेथे दोन खोल्यांच्या घरासाठी हे काम करण्यास कोणी उत्सुक दिसले नाही. बाजारात 'पाइपात ओता, गळती थांबेल' अशा बाटल्या मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात असले काही ओतू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्लंबरने मीटरजवळचा वीतभर तुकडा कापून आणला. आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट उरली होती, आणि एके ठिकाणी नखाने दाबले तर भुगा पडला. अस्तराला आधार देईल एवढे लोखंडच शिल्लक नव्हते. तेव्हा दुसरा मार्ग ठरला: भिंतीतला पाइप भिंतीतच राहू द्यायचा, त्याचे पाणी तोडायचे, आणि मीटरपासून वरपर्यंत सीपीव्हीसीचा नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून न्यायचा.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. पलिष्ट्यांनी बुजवलेल्या बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. परंतु ज्या दोन नव्या विहिरींवरून गुराख्यांची भांडणे जुंपली, त्यांवर तो अडून बसला नाही. पुढे जाऊन त्याने तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही, आणि तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेवले. सगळेच जुने उकरण्याजोगे नसते, हे इसहाकाला कळत होते.

मात्र येथे ऐसपैस जागा काकांच्या हाती होती. नवा पाइप त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून, लग्नासाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरून जाणार होता. त्यांनी प्रथम नकारच दिला. मांडवात पाहुणे येतील, त्यांना दर्शनी भिंतीवर पाइप दिसेल, हे त्यांना लागत होते. आम्ही त्यांना समजावण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. टाइल्स फोडून काढायच्या म्हटल्यास किती निघतील, ते प्लंबरने खडूने आखून दाखवले. काका बराच वेळ त्या खडूच्या रेघांकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला की, पाइप न्यावा, फक्त खिडकीच्या डाव्या अंगाने न्यावा. खर्च आजींनी केला. शिडी आणि ती धरणारा माणूस काकांकडचा होता.

काम दोन दिवसांत उरकले. अशा कामात काही गोष्टी प्लंबर स्वतःहून सांगत नाहीत. सीपीव्हीसीला ऊन सोसत नाही, तेव्हा बाहेरच्या पाइपावर पाण्यात मिसळणारा रंग द्यावा. तेलरंग देऊ नये. दर मजल्याला व्हॉल्व्ह ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे हे की, जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपालाच बांधलेले असते. तो पाइप तोडून प्लॅस्टिकचा बसवला की अर्थिंग नाहीसे होते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्लंबर जाण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. या घरी ते तसेच बांधलेले निघाले. वायरमनने नवे अर्थिंग करून दिले.

जुन्या पाइपाची दोन्ही तोंडे प्लग बसवून बंद केली. ओल लगेच हटली नाही. भिंत सुकायला उन्हाळा जावा लागला आणि एका कोपऱ्यातील टाइल शेवटी निघालीच. लग्न वेळेवर झाले. आजींना आमंत्रण होते; त्या आल्या, पण जेवायला थांबल्या नाहीत.