दिवा, कोड आणि एक वायर

तर झालं असं, की ऐन जुलैत गाडीचा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागला. सोबत एबीएसचाही. ट्रॅक्शनचा दिवा चाक घसरताना लुकलुकला तर समजायचं यंत्रणा काम करतेय. लागूनच राहिला तर ती बंद पडलीय. साधे ब्रेक लागतात म्हणा, पण शनिवारी आई-बाबांना घेऊन भर पावसात ताम्हिणी उतरायचा होता! "एबीएस मॉड्यूल बदलावं लागेल," गॅरेजवाला म्हणाला. आकडा पाच अंकी.

आधी लॉग बघायचा, ही आमच्या धंद्याची खोड. स्वस्तातले स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, म्हणून मित्राकडून एबीएस वाचणारा आणला. कोड निघाला सी००३५ : पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर. दोन्ही यंत्रणा चाकांचा वेग याच सेन्सर्सकडून घेतात, म्हणून दिवे जोडीनं लागले. हळू चालवत लाइव्ह डेटा पाहिला. तीन चाकं २०वर, हे शून्यावर! चाकामागे वाकून बघितलं, तर सेन्सरची वायर घासून तुटलेली. वायरीसकट नवा सेन्सर दोन हजारांच्या आत आला. कोड पुसला, एक चक्कर मारली, दोन्ही दिवे गुल.

दिवा फक्त एवढंच सांगतो, की मिळणाऱ्या माहितीवर माझा भरवसा नाही. का नाही, ते आपण शोधायचं. तेव्हा मंडळी, पार्ट बदलण्याआधी कोड मागा.

ताम्हिणी मस्त हिरवागार होता. असो.