पाच वह्या

बालमित्रांनो, वर्गात मी मुलांना सारखी बजावत असते, "आजचं काम आजच करा." पण आज तुम्हाला एक गुपित सांगते. बाईसुद्धा आळशी असतात!

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. फाट्यावर एसटीतून उतरलं की शाळा दीड किलोमीटरवर. पण मी चालायची नाही. कुणाची तरी मोटारसायकल यायची वाट बघत बसायची. घरी आलं की जेवण आणि मोबाइल. आणि निबंधाच्या वह्या? "उद्या तपासू!" असं करत गठ्ठा कपाटावर तसाच पडून राहिला.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. चौथीतली एक मुलगी, गृहपाठ दाखवायला नेहमी सगळ्यांच्या पुढे. एक दिवस ती कोरी वही घेऊन उभी. मी रागावले. तेव्हा खाली बघत हळूच म्हणाली, "बाई, मागचंच अजून तुम्ही वाचलं नाही."

शाळा सुटल्यावर मी गठ्ठा खाली काढला. तिच्या निबंधाचं नाव होतं ‘आमचे शेत’. शेवटी लिहिलं होतं, "बाई, रविवारी हुरडा खायला या. आई शेंगदाण्याची चटणी करणार आहे. मी फाट्यावर उभी राहीन."

तो रविवार होऊन अठरा दिवस झाले होते.

ज्वारीचा दाणा कोवळा असतो तेव्हाच कणीस आगटीत भाजून हुरडा होतो. पुढे दाणा टणक झाला की त्याची भाकरी होते, हुरडा नाही. तो काही आपल्या ‘उद्या’साठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. "उभी होतीस का गं?" तिनं नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून ठरवलं, शाळा सुटल्यावर पाच वह्या तपासल्याशिवाय उठायचं नाही. फक्त पाच! गंमत अशी, की पाच झाल्या की सहावी आपोआप उघडली जाते. कंटाळा पहिल्या वहीपाशीच दबा धरून बसलेला असतो.

मग फाट्यावरून चालायलाही लागले. पहिले चार दिवस पोटऱ्या दुखल्या. आता वस्तीवरची मुलं वाटेत सोबत येतात, पकडापकडी खेळत पळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आमच्या पोरांची थोडी तरी वाटेतच होते!

आळस पुरता गेला असं नाही हं. अजूनही मोटारसायकल दिसली की हात वर जातो. मग मीच तो खाली घेते.

ती मुलगी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. २०२५ च्या जानेवारीत तिचा निरोप आला, "बाई, रविवारी हुरडा." मी पहिल्याच एसटीनं गेले. फाट्यावर ती माझ्याआधीच उभी होती!

मग मित्रांनो, तुमची कुठली वही उघडायची राहिलीय? आणि आईबाबा, तुमची?